राजोळे मॅडमच्या काचांचं विसर्जन

मेलेल्या माणसाचा सत्कार करणं सगळ्यांत सोपं. तो नको म्हणत नाही, हार लहान आहे म्हणून रुसत नाही, आणि भाषण कितीही लांबलं तरी घड्याळाकडे बघत नाही. डॉक्टर शालिनी राजोळे जिवंत होत्या तोवर मंडळाच्या नाशिकच्या इस्पितळातल्या एकाही विश्वस्ताला त्यांच्या प्रयोगशाळेचा जिना चढायला फुरसत झाली नव्हती. २००५च्या जानेवारीत त्या गेल्या, आणि तेरावं उरकायच्या आत अध्यक्ष वाल्मीकअण्णांनी जाहीर केलं, की मॅडमच्या नावानं भव्य स्मृतिदालन उभारायचं. संगमरवरी फरशी, भिंतभर तैलचित्र, एसी, आणि दारात देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी. ती पाटी तैलचित्रापेक्षा थोडी मोठी होती, असं म्हणतात.

चिमणाबाईला हे कळलं ते मोजपट्टीमुळे. इस्पितळाचा हेडक्लार्क मोतीराम एका सकाळी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत शिरला आणि तिच्या पायांतून पट्टी ओढत भिंत मोजायला लागला.

"काय चाललंय?" चिमणाबाईनं विचारलं.

"दालन इथंच होणार. ही दोन्ही कपाटं हलवायची."

"कुठं हलवायची?"

"खाली. भंगारवाला येणारे शुक्रवारी. काचाच आहेत ना नुसत्या?"

चिमणाबाई पेठकडच्या डोंगरातली, सातवीपर्यंत शिकलेली. वीस वर्षांपूर्वी या प्रयोगशाळेत फरशी पुसायला म्हणून लागली, आणि मॅडमनी तिसऱ्या वर्षी तिच्या हातातलं फडकं काढून घेऊन तिला मायक्रोटोमसमोर बसवलं. माणसाच्या शरीराचा इवलासा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, त्या यंत्रावर धरून त्याचे काप काढायचे, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके पातळ. काप एकमेकांना चिकटून त्यांची मेणाची पट्टी निघते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर अलगद उचलायची, गुलाबी-जांभळा रंग द्यायचा, आणि मग ती काच दुर्बिणीखाली. श्वास जोरात सोडला तरी पट्टी उडून जाते. चिमणाबाईची पट्टी तुटायची नाही. शिकाऊ डॉक्टर यायचे, तिच्या बाजूला उभे राहून बघायचे आणि हात खिशात घालून परत जायचे.

त्या दोन कपाटांत अशा अठराशेच्या वर काचा होत्या आणि जवळजवळ सगळ्या तिच्याच हातच्या होत्या. "नुसत्या काचा," मोतीराम म्हणाला, तेव्हा तिला त्याच्याच मोजपट्टीनं त्याचा गळा मोजावासा वाटला.

आता या काचांत काय होतं ते सांगायला हवं. मॅडमनी आयुष्याची चौदा वर्षं एकाच गोष्टीपायी घातली होती: मिश्री. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड, जी बाया दात घासायच्या नावाखाली सुरू करतात आणि मग दिवसातून सहादा दात घासतात. त्या पुडीनं हिरडीच्या, गालाच्या मांसात आत काय होत जातं, आणि बाईनं ती सोडली तर ते मांस सावरतं का, किती वर्षांत सावरतं, कुठवर सावरतं, हे मॅडमना बघायचं होतं. त्यासाठी एकाच बाईकडे पुन्हा पुन्हा जायला हवं. म्हणून १९९१पासून त्या पेठपासून नामपूरपर्यंत गावोगाव हिंडल्या. कधी इस्पितळाची जीप, ती बंद पडली की एसटी, एसटी चुकली की कुणाचा तरी टेंपो. साडेसहाशे बाया. ज्यांच्या तोंडात पांढरा डाग दिसेल त्यांचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, आणि दर चार वर्षांनी परत जायचं.

मॅडमची एक खोड होती. गावात शिरल्यावर राम राम नाही, नाव-गाव नाही, पहिली बाई दिसली की, "आ करा!" वणीजवळच्या एका वस्तीवर एका सासूला वाटलं, ह्या दात उपटून नेणाऱ्या आहेत. तिनं केरसुणी घेऊन दोघींना ओढ्यापर्यंत पिटाळलं. ओढ्याच्या पलीकडे उभं राहून मॅडम ओरडल्या, "बाई, ओरडलात तेव्हा बघितलं, डावीकडे डाग आहे तुमच्या!" ती सासू पुढच्या आठवड्यात स्वतःच नाशिकला आली.

आणि दुसरी खोड याहून मोठी. तुकडा ज्याचा, त्याला तो दाखवायचा. दुर्बीण फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन मॅडम खेड्यात जायच्या आणि ओसरीवर बसून बाईला तिचं स्वतःचं मांस दाखवायच्या. इतर डॉक्टर हसायचे. मॅडम म्हणायच्या, "माझ्यावर विश्वास ठेवा असं सांगायला मी काय बुवा आहे? डोळे आहेत ना तिला?"

तर त्या काचा शुक्रवारी भंगारात जाणार होत्या. मॅडमचं नाव संगमरवरावर राहणार आणि मॅडमचं काम किलोवर.

चिमणाबाई आधी सरळ मार्गानं गेली. मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं काम केलेल्या डॉक्टर तेजस्विनीला घेऊन ती अण्णांना भेटली. वाल्मीकअण्णा पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षांचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे, "अगदी बरोबर," म्हणायचे, आणि ठरलेलं तेच करायचे. तेजस्विनीनं संशोधन, तुलना, अपुरं काम असं पुष्कळ सांगितलं. अण्णा म्हणाले, "अगदी बरोबर. दालन झालं की नवीन काचा आणू ताई. चांगल्या, कोऱ्या."

सरळ बोटानं तूप निघत नाही म्हटल्यावर चिमणाबाईनं बोट वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी मोतीराम परत मोजायला आला, तेव्हा ती कपाटाला हात जोडून उभी होती.

"हे काय?"

"नमस्कार करून घेते. भंगारात जायच्या आधी." तिनं आवाज खाली आणला. "मोतीरामभाऊ, तुमाला म्हून सांगते. ह्या काचा नायत. ही माणसं हायेत. जित्या माणसाचं मांस हाय त्याच्यात. मोठमोठ्या घरातल्या बायांचं. उद्या भंगारवाल्यानं फोडलं, गटारीत गेलं, कुत्र्यानं चाटलं... ज्याच्या घरचं त्याचं पाप कुणाला लागायचं? सही तुमचीच हाय ना कागदावर?"

मोतीरामची पट्टी सर्रकन आपोआप गुंडाळली गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कॅन्टीनमधून मेट्रनकडे, मेट्रनकडून खजिनदारांकडे आणि तिथून अण्णांकडे पोचली. भंगारवाल्याला फोन गेला, येऊ नको म्हणून. चिमणाबाईनं त्या रात्री घरी जाऊन मासळी केली.

सकाळी अण्णांनी तिला बोलावलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरं पाणी.

"चिमणाबाई, तुम्ही डोळे उघडलेत. माणसांचं मांस, आणि आम्ही भंगारात देत होतो! असं पाप नाही करणार मी. विधिवत करू. रामकुंडात विसर्जन. गुरुजींशी बोललोय. स्मृतिसभा झाली की मंडपातूनच मिरवणूक. टेंपो सजवू. सगळ्यांना एकदम मुक्ती!"

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. चिमणाबाई जिन्यात येऊन मटकन बसली. भंगारवाल्याकडून काचा परत तरी आणता आल्या असत्या. गोदामाई काही परत देत नाही.

सभेला आठ दिवस होते. अण्णांच्या पॅकहाउसमधून द्राक्षांची खोकी आली, वर हिरव्यागार घडाचं चित्र असलेली. काचा भरायचं काम चिमणाबाईनं कुणाला करू दिलं नाही. नंबराप्रमाणे, वर्षाप्रमाणे, प्रत्येक काचेला वर्तमानपत्राची घडी. नऊ खोकी झाली. भरताना तिनं क्रम मोडला नाही, कारण ती हरली आहे हे तिला अजून मान्य नव्हतं. बाहेरून बघणारे म्हणत, बिचारी किती भक्तीनं करतेय.

भरता भरता मॅडमच्या नोंदींच्या वहीत तिचं बोट एका ओळीवर थांबलं. नंबर दोनशे सतरा. कुसाबाई, पिंपळगाव बसवंत. तीन काचा. कुसाबाईच्या ओसरीवर मॅडमनी दुर्बीण लावली होती तो प्रसंग तिला लख्ख आठवला, आणि त्या ओसरीवर मुलाचा फोटो होता तोही. गळ्यात हार, सत्काराचा.

दुपारी ती रामकुंडावर गेली. गुरुजी पायरीवर आपलं बाड उघडून बसले होते. कुठल्या गावचं कुठलं कूळ, कोण कधी आलं, कुणाचं कार्य केलं, सात-आठ पिढ्यांच्या नोंदी. समोर नामपूरकडचे दोन भाऊ आपल्या पणजोबाचं नाव बघून हरखून गेले होते.

"गुरुजी, एक शंका इचारू का?" ते दोघं गेल्यावर तिनं हात जोडले. "समजा एखाद्याचं कार्य केलं, अस्थी म्हून काहीतरी सोडलं, आन ते माणूस जितंच असंल तर?"

"शिव शिव! जिवंत माणसाची उत्तरक्रिया? वैऱ्याचीसुद्धा करू नये. कुणी केलं असं?"

"आजून कुणी नाय."

गुरुजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. रोज शंभर घरांचं रडणं-भांडणं ऐकणारा माणूस तो. "त्या इस्पितळातल्या काचांत... सगळे गेलेलेच आहेत ना? अण्णा तर तसंच म्हणाले."

"अण्णा म्हणाले ना? मग मी आडाणी बाई काय सांगणार," चिमणाबाई म्हणाली. "सभेला या मातर नक्की."

गुरुजींनी बाड मिटलं. मिशी नव्हती, नाहीतर मिशीतल्या मिशीत हसले असं म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिंपळगावची एसटी धरली. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा भर. रस्त्यावर टेंपोंची रांग, पॅकहाउसमध्ये बायांच्या हातात कात्र्या. अण्णांची आई कुसाबाई, वय चौऱ्याहत्तर, घरात दहा गडी असूनही एका स्टुलावर बसून घडातले खराब मणी काढत होती. मालकिणीनं बसू नये असं सुना सांगून थकल्या होत्या.

"राजोळे मॅडमची सभा हाय रविवारी," चिमणाबाई म्हणाली.

"ठाव हाय. मी येनारच हाय."

"त्यांच्याकडं तुमच्या तीन काचा हायेत, आई."

"त्या बी ठाव हायेत."

"त्या अण्णा रामकुंडात सोडनार हायेत. भटजी लावून. मुक्तीसाठी."

कुसाबाईची कात्री थांबली. मग परत चालू झाली, कट्, कट्. एक अख्खा घड साफ झाला. "बरं," ती म्हणाली. "च्या घेऊन जा."

एवढंच. परतीच्या एसटीत चिमणाबाईला काही सुधरेना. म्हातारी चिडली का नाही? पोटच्या पोराला चारचौघांत कोण आई बोलेल? आणि बोलायचं तर आधी आपण मिश्री लावत होतो हे कबूल करायला हवं, अध्यक्षांच्या आईनं, शहरातल्या डॉक्टर-वकिलांसमोर. घरातलं झाकून ठेवायचीच रीत असते मोठ्या घरात. चिमणाबाईला आयुष्यात पहिल्यांदा मॅडमचा राग आला. ऐन वेळेला मरून बसल्या.

रविवारी इस्पितळाच्या आवारात मंडप पडला. मागे टेंपो, झेंडूच्या माळांनी लगडलेला, आणि त्यात नऊ खोकी. टेंपोच्या बाजूला सनईवाले. स्टेजवर मॅडमचा फोटो होता, त्यात त्या इतक्या गोऱ्या केल्या होत्या, की चिमणाबाईनं दोनदा नाव वाचून खात्री केली.

भाषणं सुरू झाली. एका माजी नगरसेवकांनी सांगितलं की मॅडमनी लस शोधून काढली. कशावर, ते सांगितलं नाही. खजिनदारांनी मॅडमच्या अबोल, शांत स्वभावाचं वर्णन केलं. चिमणाबाईला ठसका लागला. मॅडम बंद पडलेल्या पंख्याशीसुद्धा भांडायच्या. तेजस्विनीला बोलायला तीन मिनिटं दिली होती, त्यातलं दीड मिनिट माइक खरखरण्यात गेलं. पाऊण तास झाला, आणि मॅडमनी चौदा वर्षं नेमकं केलं काय, हे मंडपातल्या कुणालाही कळलं नव्हतं. चिमणाबाईला रडू येत नव्हतं. मॅडमची वही तिनं काखेत घट्ट धरली.

शेवटी अण्णा उठले. काचांतल्या आत्म्यांबद्दल ते इतकं सुंदर बोलले, की पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि आता," ते म्हणाले, "गुरुजींच्या हस्ते या सर्व आत्म्यांना..."

"वाल्मीक."

पहिल्या रांगेत कुसाबाई उभी होती. हिरवं नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू.

"आई, बस तू. नंतर बोलू."

"त्या खोक्यांत कोन कोन हाय रं?"

"रुग्णांचे नमुने आहेत आई. बस."

"मी बी हाय का त्यात?"

माइक चालू होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. "तू कशी असशील?" अण्णा हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

चिमणाबाई मंडपाच्या खांबाजवळ मॅडमची वही घेऊन तयारच होती. तिनं शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात वाचलं, "नंबर दोनशे सतरा. कुसाबाई, पिंपळगाव बसवंत. त्र्याण्णव, सत्त्याण्णव, दोन हजार एक. तीन काचा. चौथ्या खोक्यात हायेत."

"म्हंजी मला जित्तेपनी रामकुंडात बुडवतोस व्हय?" कुसाबाईचा आवाज माइकविना रस्त्यापर्यंत गेला. "मांडव घालून? सनई लावून? आरं, जरा कळ काढायचीस, मी काय कायमची ऱ्हानार हाय का!"

हशा असा उसळला की सनईवाल्यांना वाटलं, खूण झाली. त्यांनी सुरुवात केली, आणि मोतीराम धावत जाऊन त्यांना गप्प करून आला.

गुरुजी खुर्चीवरून उठले. "अण्णा, जिवंत माणसाचं कार्य शास्त्रात नाही. मी या खोक्यांना हात लावणार नाही. तुमच्या मातोश्रींना शंभर वर्षं आयुष्य असो."

अण्णांच्या कपाळावर घाम आला. तरी व्यापारी माणूस, सौदा सोडतो थोडाच. "ठीक आहे. जे जिवंत आहेत त्यांच्या बाजूला काढा. बाकीच्या..."

"काढते की," चिमणाबाई म्हणाली. "पन कोन जितं, कोन मेलं, कसं कळनार? साडेसहाशे बाया हायेत. पेठ, सुरगाणा, वणी, नामपूर. येकेकीच्या दारात जाऊन इचारावं लागंल, बाई, हायेस का गेलीस? हाय म्हनली, तर परत पुढच्या वर्षी जायचं. मंडळानं जीप दिली तर मी तयार हाय अण्णा. शेवटची जाईस्तोवर करीन."

आता हसू आवरत नव्हतं कुणालाच. फक्त तेजस्विनी हसत नव्हती. तिच्या डोक्यात काहीतरी उजाडत चाललं होतं: ही तर मॅडमचीच फेरी होती.

कुसाबाई तोवर स्टेजवर चढली होती. नगरसेवकांनी उठून खुर्ची दिली, ती तिनं बाजूला सारली. माइक दोन्ही हातांनी धरला.

"कवापासून ऐकते. बाई लय चांगली व्हती, लय चांगली व्हती. काय केलं तिनं, येक बी सांगंना. मी सांगते. मी चाळीस वर्सं मिश्री लावत व्हते. अध्यक्षाची आई. ऐकून घ्या." तिनं मुलाकडे बघितलं नाही. "ही बाई दारात आली आन मला म्हनली, आ करा. राम राम नाय, काय नाय. मी म्हनलं, येडी हाय. तांदळायेवढा तुकडा काढून घेऊन गेली. चार म्हैन्यांनी दुर्बीन घेऊन आली आन म्हनली, बघा, ही तुमची हिरडी. मी बघितलं. मी म्हनलं, लय शोभिवंत हाय की! जांभळं, गुलाबी, पैठनीवानी. ती म्हनली, शोभिवंत हाय तेच वाईट हाय. ह्या दान्यांनी सरळ रांगंत बसाय पायजे, ते कांद्याच्या लिलावावानी गोंधळ घालत्यात. असंच ऱ्हायलं तर ह्या गोंधळाचं येक दिस गाठोडं व्हईल, आन गाल कापावा लागंल. माझी थोरली बहीन गालानंच गेली व्हती. मी त्या दिशी डबी चुलीत टाकली."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"चार वर्सांनी ती परत आली. परत तुकडा. मग परत दोन हजार एकला. तिन्ही काचा शेजारी ठिवून दावल्या मला. पयल्या काचंत लिलाव. दुसरीत जरा कमी. आन तिसरीत..." तिनं माइकवरचा एक हात सोडून हवेत रेघ ओढली. "तिसरीत पेरनी केल्यावानी. वळी. सरळ वळी. ती मला म्हनली, कुसाबाई, हे तुमी केलंत, मी नुसतं बघितलं. माझ्या नवऱ्यानं, ह्या पोरानं, कुनी मला आजवर म्हनलं नाय का हे तू केलंस. एवढंच सांगायचं व्हतं. खोकी वर न्या."

टाळ्या वाजल्या नाहीत. काय वाजवावं हे लोकांना कळेना. टेंपोवरचे हमाल मात्र हुकमाचे पक्के. मालकाच्या आईनं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी झेंडूच्या माळांसकट खोकी उचलली आणि जिना चढायला लागले.

कुसाबाईही मागोमाग निघाली, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. अण्णांनी तिचा कोपर धरला होता. प्रयोगशाळेचा तो जिना अण्णा आयुष्यात प्रथम चढत होते. वर पोचल्यावर ते एवढंच म्हणाले, "तैलचित्र जिन्यात लावू." चिमणाबाई म्हणाली, "अगदी बरोबर."

तिनं चौथं खोकं उघडलं, तीन काचा काढल्या आणि दुर्बीण लावून दिली. कुसाबाईनं एकेक काच शांतपणे पाहिली. मग अण्णा वाकले. त्यांना आधी आपल्याच पापण्यांचे केस दिसले. "काळं गवत दिसतंय," ते म्हणाले. तेजस्विनीनं चाक थोडं फिरवलं, डोकं जरा मागे घ्यायला सांगितलं. अण्णा बराच वेळ वाकलेलेच राहिले. दुसरी काच. तिसरी काच. मग परत पहिली, स्वतःहून मागून.

"आई," ते वर न बघता म्हणाले, "तू घरात कधी बोलली नाहीस."

"तू कधी दुपारचा घरी हायेस?"

मग कुसाबाई चिमणाबाईकडे वळली. "चौथा तुकडा यंदा घ्यायचा व्हता ना? डॉक्टरीनबाई म्हनल्या व्हत्या, उन्हाळ कांदा निघायच्या आत येते. मी रोज वाट बघत व्हते. मग पेपरात फोटो आला."

महिनाभर कोरडी राहिलेली चिमणाबाई तिथे मायक्रोटोमला धरून ढसाढसा रडली. मॅडमची वाट बघणारं आणखी कुणी असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. साडेसहाशे ओसऱ्यांवर कुणी ना कुणी वाट बघत असेल.

तेजस्विनी पुढे झाली. "आजी, मी घेतला तर चालेल? तुकडा?"

"हात हलका हाय का तुझा?"

"अजून नाही."

"व्हईल," चिमणाबाई नाक पुसत म्हणाली. "सोमवारी या आई. जेवून या."

"येते." कुसाबाईनं मुलाला आपादमस्तक न्याहाळलं. "आन वाल्मीक, ती झब्ब्याच्या खिशातली पुडी काढ बघू."

अण्णा दचकले. खोक्यांबरोबर वर आलेला मोतीराम खिडकीबाहेर बघायला लागला. अण्णांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. गुटख्याची पुडी निघाली, तिच्यामागे दुसरी निघाली, आणि मग, बरीच वाट बघून, तिसरी.

"आता आ कर."

"आई, सगळ्यांसमोर..."

"मी सगळ्यांसमोरच केलं की आत्ता."

वाल्मीकअण्णांनी तोंड उघडलं. तेजस्विनीनं बॅटरी लावली, डावा गाल पाहिला, उजवा गाल पाहिला, मग परत उजवा. तिनं बॅटरी बंद केली नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "सोमवारी तुम्हीही या."

अण्णा तोंड मिटायचं विसरले होते. कुसाबाईनं हळूच त्यांची हनुवटी वर केली आणि हात तिथेच ठेवला. चिमणाबाईनं मॅडमची वही उघडली. शेवटचा नंबर सहाशे बावन्न होता. त्याखाली तिनं सहाशे त्रेपन्न घातला, सावकाश, मॅडमसारख्या अक्षरात, आणि पेन थांबवून विचारलं, "पूर्ण नाव सांगा."